मदत हवी आहे: नेदरलँड्समधली लपवलेली ज्यू मुलं

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर मला नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समधल्या लपवलेल्या ज्यू मुलांवर बोलायचंय. आम्सटरडॅमच्या पाळणाघरातून सुमारे ६०० मुलं गुपचूप बाहेर काढली, तो भाग वाचून झालाय. समोरच्या नाट्यगृहात पकडलेल्या ज्यूंना डांबून ठेवलेलं, त्यावर जर्मन पहारा. मधून ट्राम गेली की पहारेकऱ्याला पलीकडचं दिसायचं नाही, तेवढ्यात मूल घेऊन सटकायचं! तान्ही बाळं तर पाठपिशवीतून नेली.

पण मला हवीत ती पुढची घरं. फ्रीजलंडमधले शेतकरी, लिंबर्गमधले खाणकामगार. अचानक घरात आलेलं पोर रॉटरडॅमच्या बॉम्बहल्ल्यात बेघर झालेलं आहे असं शेजाऱ्यांना सांगत, इतपत सापडलं. रेशनच्या दिवसांत या जादा तोंडाची सोय कशी लावत? आणि युद्धानंतर आईवडील परतलेच नाहीत, तर ताबा कुणाकडे? त्यासाठी १९४५मध्ये सरकारी समिती नेमली होती, वादही बरेच झाले. माझ्या मते खरा गुंता इथेच आहे.

यावर मराठी किंवा इंग्रजीत काही वाचनीय सुचवाल का? आणि तिकडे राहणाऱ्यांपैकी कुणी २०२४मध्ये आम्सटरडॅमला उघडलेलं होलोकॉस्ट संग्रहालय पाहिलंय का? आत फोटो काढू देतात का, तेही सांगा.