१७ साइडलाइन ६५ सेकंदांत बसेनात

सात_रस्ता_गार्ड: सोलापुरात राहतो, वय १९, बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा). सर १७ लावायलेत: कोर्टाच्या या साइडलाइनपासून (लांब बाजूची कडेची रेषा) त्या साइडलाइनपर्यंत १७ वेळा, ६५ सेकंदांत. माझे ७३ होतात. अकराव्या फेरीनंतर पाय जडशीळ. वळताना सिमेंटवरच्या धुळीत बूट सरकतो ते वेगळंच. त्यात सराव दुपारी ४ ला, एप्रिलात! तव्यावर पळायलोय असं वाटतं. काय करू?

जुना_सेंटर: कोर्ट १५ मीटर रुंद, म्हणजे २५५ मीटर पळणं आणि १६ वळणं. तुझे ८ सेकंद बहुतेक वळणांतच सांडायलेत, प्रत्येकी अर्धा. रेषेच्या दोन पावलं आधी कंबर खाली घे, पावलं आखूड कर, रेषेला पाय टेकला की ढकल. ताठ वळलास की गेलं. एकदा डावा पाय टेकव, एकदा उजवा. आपण सगळे लाडक्या पायावरच वळतो. बुटांचे तळवे ओल्या पोत्यावर पुसायचे. आम्ही पोत्याचा तुकडा कोर्टाच्या कडेलाच टाकून ठेवायचो.

शिट्टीवाला: रोज पूर्ण १७ पळू नको. ८ फेऱ्या ३० सेकंदांत, मग ९० सेकंद विश्रांती, असं चारदा. आठवड्यातून दोन दिवस पुरे. आणि ४ ची वेळ बदलून सकाळी ६ ची मागा की ओ!

सात_रस्ता_गार्ड: सरांना विचारलं, "बघू" म्हणाले. पोतं मात्र आजच टाकलं. ७०!