‘तीव्र वेदना’ खोडा, ‘कळ’ लिहा. पटतंय का?

शब्दभ्रमर
दवाखान्यांत रुग्णाने भरायच्या मराठी तक्त्यांत ‘शार्प पेन’साठी सर्रास ‘तीव्र वेदना’ छापतात. तीव्र हे किती दुखतं ते सांगतं; शार्प हे कसं दुखतं ते. टाचणी टोचल्यावर दुखतं थोडंच, पण ते शार्प. उलट पू धरलेल्या बोटाचा ठणका रात्रभर झोपू देत नाही, पण त्याला कुणी शार्प म्हणणार नाही. एवढा नेमका ‘कळ’ शब्द घरात असताना ‘तीव्र’ कशाला?

नाडीपरीक्षा
निदान बरोबर, औषध चुकलं. कळ येते, वाढते, ओसरते, पुन्हा येते. पोकळ अवयव आवळला की असं होतं. मूतखडा नळीत अडकला की कुशीतून जांघेकडे जाते ती कळ, आणि माणूस एका जागी पडून राहू शकत नाही. बाळंतपणातल्याही कळाच. पण थंड पाण्याने दातातून जाते ती सणक, दोन-चार सेकंदांत संपते. श्वास घेताना बरगडीत भरते ती चमक. वाकताना कंबर धरते ती उसण. या सगळ्यांवर ‘कळ’ लिहिलंत तर डॉक्टर पोट तपासत बसेल.

शब्दभ्रमर
मग ‘मस्तकात कळ गेली’ हे काय? कोपर दाराला आपटल्यावर निघते ती? तिथे कुठला पोकळ अवयव आवळला? बोलीत कळ दोन्हीकडे चालते. तुम्ही वैद्यकातली व्याख्या भाषेवर लादताय.

कोशकिडा
मला वेगळीच अडचण दिसते. कळ शब्दावर आधीच गर्दी आहे. यंत्राची कळ दाबतात. ‘कळ काढणे’ म्हणजे भांडण उकरणं, आणि ‘जरा कळ काढ’ म्हणजे दम धर, सोस. तक्त्यात ‘किती वेळ कळ काढता?’ असा प्रश्न आला, तर भांडखोर माणूस काय उत्तर देईल? (‘कळीचा नारद’ भांडणातला आणि ‘कळीचा मुद्दा’ किल्लीतला, असं माझं मत. फुलाच्या कळीचा दोन्हींशी संबंध नाही.)

नाडीपरीक्षा
ही अडचण खोटी आहे. ‘पोटात कळ येते’ ऐकून कुणी बटण शोधत नाही. क्रियापद पाहा: दुखण्याची कळ येते, उठते, निघते, यंत्राची दाबतात, फिरवतात, भांडणाची काढतात, लावतात. घोळ फक्त ‘काढणे’त आहे, ते क्रियापद तक्त्यात वापरू नका, झालं.

रकाना_क्र_७
एकाच शब्दावर भांडण कशाला? मानसशास्त्रज्ञ मेल्झॅक यांच्या १९७५ च्या मॅकगिल प्रश्नावलीत (रुग्णाला कसं दुखतं ते विचारणाऱ्या इंग्रजी तक्त्यात) दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. पण त्यांचं शब्दाला शब्द भाषांतर केलं की ‘भेदक’, ‘विदारक’ असली नाटकी मराठी होते. त्यापेक्षा आपलेच सहा शब्द छापा: कळ, सणक, चमक, ठणका, आग, मुरडा. प्रत्येकापुढे एक ओळ हवी. सणक: वीज गेल्यासारखी, क्षणभर. ठणका: नाडीबरोबर उडतो. मुरडा: शौचाची घाई होते. किती दुखतं यासाठी ० ते १० ची पट्टी वेगळी ठेवा. दोन्ही एकाच रकान्यात घातलं की लोक सगळ्यापुढे ‘खूप’ लिहितात.

शब्दभ्रमर
सहा शब्दांना हरकत नाही. पण चमक आणि सणक अनेक घरांत एकाच अर्थाने वापरतात. रुग्ण दोन्हींवर खूण करेल.

नाडीपरीक्षा
करू दे की. पुढचा प्रश्न ‘हलल्यावर भरते की हललं नाही तरी?’ असा ठेवा. हलल्यावरच भरत असेल तर स्नायू किंवा बरगडी आधी बघायची. शब्दाने दार उघडायचं, निदान करायचं नाही.

कोशकिडा
आणि ‘तिडीक’ का वगळली? डोक्यात उठते ती.

रकाना_क्र_७
कारण ती रागाचीही उठते. तक्ता भरताना तर हमखास.