दोन महिन्यांच्या बाळाला चोखणी द्यावी का? (सोसायटीचा ग्रुप, इंदिरानगर, नाशिक)

अ-२०३, मृणाल: नमस्कार. बाळ आता २ महिन्यांचे झाले आहे आणि दिवेलागणीला फार रडते, म्हणून काल त्याच्या आजोबांनी बुधवारच्या बाजारातून चोखणी आणली. सासूबाई ती मधात बुडवून द्यायला सांगतात, तर आई म्हणते, मुळीच देऊ नकोस. काय करावे?

क-५०१, काकू: आमची मुले अंगठा चोखतच मोठी झाली. द्यायचीच असेल तर काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घाल, म्हणजे खाली पडणार नाही.

ब-१०२, डॉ. शर्वरी (बालदंतरोगतज्ज्ञ): काकू, रागावू नका, पण तो दोरा नकोच. तो पाळण्याच्या कड्यात अडकून गळ्याला फास बसला, तर एवढ्याशा बाळाला स्वतःची मान सोडवून घेता येत नाही. मधही नको, कारण त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात.

मृणाल, चोखणीबाबत तज्ज्ञांचेही पूर्ण एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये सांगितलेल्या स्तनपानाच्या दहा पायऱ्यांमध्ये अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नये, असे होते. २०१८ मध्ये त्या सुधारताना बंदीऐवजी आईला तिचे धोके समजावून सांगावेत, असा बदल झाला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी तर झोपवताना चोखणी देण्याचा सल्ला देते, कारण त्यामुळे बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोका कमी होतो. मात्र अंगावरचे दूध व्यवस्थित सुरू झाल्यानंतरच, ही तिचीही अट आहे. म्हणून आधी बाळाचे वजन नीट वाढते आहे ना, हे तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घे. रडले की प्रथम अंगाशी घे. भुकेचे रडणे चोखणीने दाबले जाते, हे मला सर्वांत खटकते. झोपेत ती तोंडातून गळली, तर पुन्हा कोंबू नये.

चोखणी अखंड, एकाच तुकड्याची असावी, तिची चकती तोंडात जाणार नाही एवढी मोठी असावी आणि चकतीला हवेची छिद्रे असावीत. आणलेली चोखणी जोर लावून ओढून पाहा.

अ-२०३, मृणाल: ओढली. निपल माझ्या हातात आणि चकती खाली पडली! आत गोंदाचा पिवळा थर दिसतो आहे.

ब-१०२, डॉ. शर्वरी: लगेच फेकून दे. नवी घेतलीस, तर उकळून वापर. खाली पडली की आपल्या तोंडात घालून साफ करू नये, कारण आपल्या लाळेतले दात किडवणारे जिवाणू बाळाकडे जातात. सहा महिन्यांनंतर वापर कमी करत जा, कारण त्या वयात कानाच्या संसर्गाशी तिचा संबंध आढळतो. तिसऱ्या वर्षानंतरही सवय राहिली, तर पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत. अशी मुले माझ्याकडे येतात. आणि काकू, अंगठ्यानेही दातांचे तेच होते. चोखणी निदान लपवून ठेवता येते.

क-५०१, काकू: दोऱ्याचे मी मागे घेते.

अ-२०३, मृणाल: धन्यवाद, डॉक्टरताई. चोखणी टाकून दिली आहे. आजोबांना अजून सांगितलेले नाही.