ॲक्सोलॉटलची टाकी सायकल होईपर्यंत टबच बरा
कोणीतरी लिहिलंय की ॲक्सोलॉटलचं (पाण्यातच राहणारा सॅलॅमँडर) पिल्लू सरळ नव्या टाकीत सोड आणि बॅक्टेरियाची बाटली ओत, मी तरी तसं करणार नाही. सायकल व्हायला, म्हणजे घाणीतला अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया टाकीत तयार व्हायला, महिना-दीड महिना सहज जातो, तोवर अमोनियाने त्याच्या गिल्सची (कल्ल्यांची) वाट लागेल. त्यापेक्षा झाकणवाला फूड ग्रेड प्लास्टिकचा टब घे, तळाला खडे-बिडे काही नको (समोर येईल ते गिळतं ते), आणि रोज सगळंच्या सगळं पाणी बदल. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं त्यामुळे अँटिक्लोरीन टाकूनच, आणि नवीन पाणी टबाएवढंच गार हवं, म्हणून उद्याची बादली आदल्या रात्रीच भरून टबशेजारी ठेवायची. शी दिसली की ड्रॉपरने लगेच उचल.

खरी डोकेदुखी आपला उकाडा. याला १६ ते १८ डिग्री लागतं, २४च्या वर गेलं की हाल, आणि मुंबईच्या दमट हवेत पंख्याने पाणी फारसं गार होत नाही. बर्फाच्या बाटल्या आलटूनपालटून ठेव पण छोट्या, नाहीतर पाणी एकदम थंड एकदम कोमट होत राहतं. एसीची खोली असेल तर टब तिथेच हलव, घरचे बोंबलले तरी. आणि चिलरचं (पाणी गार ठेवणारं मशीन) आत्ताच बघ रे, त्याशिवाय मे महिना निघत नाही.