पॉडकास्ट ‘ऐकला’, ‘बघितला’ की ‘लावला’?

कोपरीकर ताई
मंडळी, एक शब्दप्रयोग बरेच दिवस डोक्यात घोळतोय, विचारूनच टाकते. ट्रान्सहार्बरच्या गाडीत (ठाणे-वाशी लोकल), ठाण्यातल्या तलावपाळीला चक्कर मारताना, सगळीकडे लोकं पॉडकास्टबद्दल, म्हणजे मोबाईलवर भागाभागाने ऐकायच्या कार्यक्रमांबद्दल, बोलत असतात आणि प्रत्येकाचं क्रियापद वेगळं. कोणी म्हणतं ‘काल एक पॉडकास्ट ऐकला’, कोणी ‘बघितला’, आणि आमची आई सरळ ‘लावला’ म्हणते. मला स्वतःला हा नाद अलीकडेच लागलाय, पण असा लागलाय की ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून गाडीत शिरलं की आधी कानात घालते, कारण तुर्भ्यापर्यंत हात वर करून मोबाईल बघायला जागाच नसते, कान मात्र मोकळे असतात, आणि कोणीतरी निवांतपणे जुन्या नाण्यांबद्दल नाहीतर भाताच्या वाणांबद्दल बोलत असतं, मध्येच थांबतं, आठवतं, परत बोलतं, त्या थांबण्याचंसुद्धा मला फार सुख वाटतं. (म्हणून ते दीडपट स्पीडवर ऐकणं मला पटत नाही, माणूस विचार करायला थांबतो तीच जागा त्यात पळून जाते.) आणि ‘नाद’ शब्द पण बघा, आवाज तोही नाद आणि छंद लागतो तोही नाद.
तर प्रश्न असा, यातलं कुठलं क्रियापद बरोबर? आणि पॉडकास्टला मराठी शब्द हवाय का?

ऐरोलीकर
आधी मूळ शब्दाचं सांगतो. ब्रॉडकास्ट हा शेतीतला शब्द आहे, मुठीत बी घेऊन रानभर उधळायचं, आपल्याकडे ज्याला बी फोकणं किंवा फोकून पेरणी म्हणतात ते. रेडिओ आला तेव्हा इंग्रजीने तोच शब्द उचलला. मग २००१ मध्ये आयपॉड, अ‍ॅपलचं खिशात मावणारं गाणी ऐकायचं यंत्र, आलं, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनच्या गार्डियन पेपरात बेन हॅमर्सली या पत्रकाराने या नव्या प्रकाराला काय म्हणावं असं विचारत दोन-तीन नावं सुचवली, त्यातलं एक पॉडकास्टिंग. आयपॉडमधला पॉड आणि ब्रॉडकास्टमधला कास्ट. पुढच्याच वर्षी, २००५ ला, न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने पॉडकास्टला वर्षाचा शब्द ठरवलं. योगायोग म्हणजे आपली ठाणे-वाशी लाईनसुद्धा २००४ चीच. आयपॉड २०२२ मध्ये बंद झाला, तरी शब्दाला काही झालं नाही. आपण फोनची तबकडी गेल्यावरही ‘नंबर फिरव’ म्हणत होतोच की.

सानपाड्याचे काका
मराठी शब्द हवाच. माझ्या मते ‘श्रुतिका’ घ्यावा, तयार शब्द आहे, गोड आहे, श्रवणाशी जोडलेला आहे. ध्वनिसंवाद, श्राव्यमालिका वगैरे बोजड प्रकार नकोत.

कोपरीकर ताई
काका, श्रुतिका मलाही फार आवडतो, पण तो रिकामा नाहीये ना. श्रुतिका म्हणजे रेडिओवरचं छोटं नाटुकलं, मोठं असेल तर नभोनाट्य, ज्यांनी आकाशवाणीवर ते ऐकलंय त्यांच्या मनात तो अर्थ पक्का आहे. त्यातून तो काढून इथे बसवला तर त्या प्रकाराला नाव उरणार नाही. आणि नुसता शब्द छान असून चालत नाही हे रेडिओसाठीच्या ‘नभोवाणी’चं बघितलंच आपण, चांगला शब्द, पण आज बोलण्यात कोणाच्या आहे? आकाशवाणी टिकला कारण ते केंद्राचंच नाव झालं, रोज कानावर पडत राहिलं.

मला वाटतं नाम तसंच राहू दे, मराठीने आपलं काम क्रियापदात करून ठेवलंय, आणि ते आईच्या ‘लावला’मध्ये आहे. बघा हं, रेडिओ लावणे, गाणी लावणे, हे वाजवण्याचं लावणे. पण पेपर लावणे, दूध लावणे, डबा लावणे हे वेगळं, तो रतीब. एकदा सांगून ठेवायचं आणि मग रोज दारात येतं. आता पॉडकास्ट आतून कसा चालतो, तर त्याची एक फीड असते, आरएसएस म्हणतात ती, त्यात नवीन भागाच्या ऑडिओ फाईलचा पत्ता टाकला जातो, आपलं अ‍ॅप अधूनमधून फीड तपासतं आणि नवीन भाग आला की आपल्यासमोर आणून ठेवतं. म्हणजे अगदी रतीबच! सबस्क्राईब करणे आणि प्ले करणे, इंग्रजीला दोन शब्द लागतात तिथे आपलं एकच लावणे दोन्हीकडे चालतं, ‘मी तो इतिहासाचा पॉडकास्ट लावलाय’ म्हणजे रतीब, आणि ‘भाजी निवडताना लावते’ म्हणजे वाजवणं, आणि ऐकणाऱ्याला कुठला अर्थ ते बरोबर कळतं.

घणसोलीची
ताई, लावला पटलं. पण ‘बघितला’ला चूक का म्हणायचं, बरेच मराठी पॉडकास्ट यूट्यूबवरच आहेत, दोन माणसं माईकसमोर बसलेली दिसतात, मी खरंच बघते.

कोपरीकर ताई
चूक नाहीच, तू बघत असशील तर बघितलाच म्हण. माझा जीव ‘ऐकणे’वर आहे तो वेगळ्या कारणाने. आपल्याकडे जाणकार माणसाला बहुश्रुत म्हणतात, पुष्कळ ऐकलेला, आणि गाता येत नसलं तरी गाणं कळणाऱ्याला कानसेन. ऐकून शहाणं होण्याला इतका मान भाषेत आहे, मग जिथे खरंच नुसतं ऐकलंय, मोबाईल खिशात होता, तिथे तरी सवयीने बघितला म्हणू नये एवढंच.

ऐरोलीकर
बरोबर. अजून एक घोळ आहे, ‘एक पॉडकास्ट ऐकला’ म्हणजे एक भाग की अख्खी मालिका? मूळ वापरात पॉडकास्ट ही मालिका, त्यातला एक तो एपिसोड. मी मालिकेला पॉडकास्ट आणि एकाला ‘भाग’ म्हणतो, भाग हा शब्द कुठे अडत नाही.

सानपाड्याचे काका
श्रुतिका मागे घेतो, लावणेचा मुद्दा खरंच बिनतोड आहे. मग लिंग आणि अनेकवचनाचं काय? घरात सून ‘तो’ म्हणते, नातू ‘ते’.

कोपरीकर ताई
काका, ‘तो’च जास्त रुळलाय, बहुतेक कार्यक्रम आणि एपिसोड दोन्ही ‘तो’ म्हणून. त्यामुळे अनेकवचनात काही बदलत नाही, एक पॉडकास्ट, चार पॉडकास्ट. ‘ते’ धरलं तर घर-घरंसारखं पॉडकास्टं करावं लागेल, ते मी तरी अजून ऐकलं नाही. सामान्यरूप मात्र अजून होत नाही, आपण ‘पॉडकास्टमध्ये’ म्हणतो, ‘लॅपटॉपवर’ म्हणतो तसं. टेबल हा शब्द मराठीत जुना झाला म्हणून ‘टेबलावर’ झालं. ‘पॉडकास्टात’ असं कोणाच्या तोंडून सहज आलेलं ऐकलं असेल तर इथे नक्की लिहा, कुठे आणि कोणत्या वाक्यात तेही.