नागपूरच्या उन्हात बेडकांसाठी झाडांची काचपेटी: सल्ला हवा (बजेट ५,०००)

मानेवाडा_रानजाई
नमस्कार मंडळी. पुण्याचा मावसभाऊ परदेशी चालला आहे. त्याच्याकडचे दोन व्हाइट्स ट्री फ्रॉग (झाडावर राहणारे परदेशी बेडूक) तो मला देतो म्हणतो. बर्डीच्या एका दुकानात दोन भेकही (खडबडीत कातडीचे, जमिनीवरचे) विकायला ठेवलेत, लेकाला तेही हवेत. चौघांना एकाच पेटीत, खऱ्या झाडांसकट ठेवायचा विचार आहे. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर स्लॅब, घरात कूलर, एसी नाही. घरी एक जुना फिश टँक रिकामा पडलाय: अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. झाडं कोणती, माती कोणती, पाणी कुठलं आणि मे महिन्यात काय करायचं? सगळं मिळून पाच हजारांत बसवायचंय.

काचमहाल_७
ताई, जुन्या टँकच्या भानगडीत पडू नका. समोरून दार उघडणारी ६० बाय ४५ बाय ६० सेंटीमीटरची पेटी घ्या. मी घेतली तेव्हा पेटी, मागची कॉर्कची भिंत, फवारणीचा पंप, टायमर आणि युव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब मिळून अठरा हजार लागले, पण आज माझ्या घरी येणारा प्रत्येक जण आधी त्या पेटीसमोर उभा राहतो. पाच हजारांत फक्त काच येईल. एकदाच करा, नीट करा.

झुडपी_जंगल
पेटीचं नंतर बघू. चौघं एकत्र हे मनातून काढा. भेकाच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींतून विषारी स्राव येतो आणि एकाच ओल्या जागेत, एकाच वाटीतल्या पाण्यात तो दुसऱ्याच्या अंगाला लागतो. शिवाय ट्री फ्रॉगला वर चढायला उंची लागते, भेकाला खाली उकरायला माती. व्हाइट्सचं तोंड एवढं मोठं असतं की त्यात मावेल त्या कशावरही तो झडप घालतो. दोन जाती, दोन पेट्या. यात मधला मार्ग नाही.

आणि दुकानातले भेक घेऊच नका. आपल्याकडे पावसाळ्यात अंगणात येतात तेच ते, कुणीतरी शेतातून उचलून आणलेले. त्यांच्या पोटात जंत असतात, अंगावर कुठल्या फवारणीचं काय आलंय कळत नाही, आणि रानातला जीव दुकानात विकत घेणं कायद्याच्या बाजूनंही धोक्याचं आहे. वनविभागाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

वऱ्हाडी_पाऊस
कायले एवढा खर्च करता जी? आमच्या काटोल रोडच्या घरी पावसाळ्यात न्हाणीघरात झाडावरचे बेंडूक आपोआप येते. भिंतीले चिकटून बसते. दोन पकडाचे, डब्यात ठेवाचे. फुकट काम.

झुडपी_जंगल
दादा, तो इथलाच झाडबेडूक. तो रात्री तुमच्या घरातले किडे खाऊन पहाटे निघून जातो, त्याला तसंच जाऊ द्या. पकडून डब्यात कोंडलेला रानातला बेडूक बहुतेकदा खाणंच सोडतो.

वऱ्हाडी_पाऊस
आमच्याकडचे तर मस्त खात होते. असो, तुमचं तुम्ही पाहा.

कायदाप्रेमी
कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा, त्यात २०२२ ला मोठी दुरुस्ती झाली. साइटिस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या परिशिष्टात असलेला परदेशी प्राणी घरी असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, तसे नियम २०२४ मध्ये आले. रेड-आयड ट्री फ्रॉग आणि डार्ट फ्रॉग त्या यादीत येतात. व्हाइट्स येत नाही, तरी मावसभावाकडून खरेदीची पावती आणि एक साधं हस्तांतरपत्र घेऊन ठेवा. आपल्या मोठ्या भारतीय बैलबेडकाचं नाव १९८५ पासून साइटिसच्या यादीत आहे. तंगड्यांसाठी एवढे बेडूक मारले गेले की १९८७ मध्ये निर्यातच बंद करावी लागली.

काचमहाल_७
रेड-आयड दिसायला व्हाइट्सपेक्षा कितीतरी देखणा. ताई, घ्यायचाच तर तो पाहा.

कायदाप्रेमी
आत्ताच लिहिलं ना, नोंदणी लागते. शिवाय त्याला आर्द्रता जास्त हवी. मे महिन्यातल्या नागपुरात तो वेडेपणा ठरेल.

मानेवाडा_रानजाई
भेकांचं कळलं, लेकाची समजूत घातली. तो रुसलाय. पण उन्हाळ्याचं कुणीच बोललं नाही.

दुपारी_बारा
मी बोलते, कारण नागपुरात हाच खरा प्रश्न आहे. झाडं, माती, दिवे हे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंत बघून जमतं. इथलं ४५ अंश त्यात नसतं.

व्हाइट्स हा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा, इतर बेडकांपेक्षा काटक. त्याला २४ ते २९ अंश बरे वाटतात. बत्तीस अंशांच्या वर दिवसच्या दिवस राहिलं की तो मलूल होतो, खाणं टाकतो. बंद काच खोलीपेक्षा जास्त तापते, त्यामुळे खिडकीजवळ किंवा स्लॅबखाली उंच रॅकवर पेटी कधीच नको. खाली, आतल्या भिंतीला, जिथे दिवसभर ऊन फिरकत नाही तिथे ठेवा. पेटीत एक तापमापक खाली आणि एक वर लावा, दोन्हींत बराच फरक दिसेल.

कूलर मे महिन्यात चांगला चालतो, कारण हवा कोरडी असते. पण त्याचा झोत थेट पेटीवर नको. पाऊस सुरू झाला की कूलर फारसं गार करत नाही, नुसती ओल वाढवतो. व्हाइट्सला ५० ते ७० टक्के ओल पुरते. सतत चिंब पेटीत त्याच्या कातडीला संसर्ग होतो. दुपारी फार तापलं तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेर, जाळीच्या वरच्या बाजूला ठेवा. आत नाही. तळमजल्यावर घरातलं कुणी राहत असेल तर एप्रिल ते जून पेटी तिथेच हलवा, याच्यासारखा स्वस्त उपाय नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कूलरच्या टाकीत डास होतात म्हणून आपण रात्री प्लगमधली डासांची बाटली लावतो. ज्या खोलीत बेडूक, तिथे ती बाटली, अगरबत्ती, स्प्रे, काहीही नको. ती औषधं किड्यांसाठी बनलेली असली तरी बेडूक कातडीतून पाणी आणि हवा दोन्ही घेतो, त्याला ती लगेच लागतात. गल्लीत धुराची गाडी आली की खिडक्या बंद, पेटीवर ओलं फडकं. टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा आणि मच्छरदाणी वापरा.

वऱ्हाडी_पाऊस
हे एकदम बरोबर बोलल्या तुम्ही. आमच्या घरी औषध मारून गेले त्या दिवशी अंगणातले सारेच बेंडूक गप झाले होते.

मनीप्लांट_वाला
झाडांचं माझ्याकडून घ्या. मनीप्लांट, सिंगोनियम, नेफ्रोलेपिस फर्न, वर बांधायला एखादं जाड पानांचं फिलोडेंड्रॉन. व्हाइट्स वजनदार, नाजूक फिटोनिया एका रात्रीत चेपून टाकतो. नर्सरीतून आणलेलं झाड तसंच पेटीत लावू नका. बऱ्याच ठिकाणी मुळांत औषध घालतात आणि ते पानांत महिनोन्महिने टिकतं. कुंडीतली सगळी माती झटका, मुळं धुवा, नव्या कोकोपीटमध्ये सावलीत वाढू द्या. नवी पानं आली की मगच आत. सेमिनरी हिल्सच्या बाजूला नर्सऱ्या पुष्कळ आहेत, खत-औषध काय घातलं ते विचारून घ्या.

तळाला क्ले बॉल्सचा (भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा) थर, त्यावर फायबरची जाळी, त्यावर धुतलेलं कोकोपीट, वर वाळलेली बदामाची पानं. परलाइट घातलेली कुंडीची तयार माती नको, ते पांढरे दाणे बेडूक घासासोबत गिळतो. बारीक खडीही नको, दगड ठेवायचा तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठा. गांडूळखतही नको.

काचमहाल_७
गांडूळखत का नको? माझ्याकडे होतं, झाडं जोमात आली.

मनीप्लांट_वाला
झाडं येतीलच हो. पण खतातले क्षार ओल्या कातडीला झोंबतात. आपण झाडांची कुंडी भरत नाही आहोत, त्या जिवाचं अंथरूण भरतोय.

पेंच_ते_नळ
पाणी. पेंच आणि कन्हानहून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन घातलेलं असतं, त्याशिवाय ते पिण्यालायक होणार नाही. पसरट भांड्यात २४ तास उघडं ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडतं. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर उडत नाही. म्हणून मासेवाल्याकडे मिळणारं अँटिक्लोरीन घाला, स्वस्तात मिळतं. आरओचं पाणी फवारायला उत्तम, काचेवर पांढरे डाग पडत नाहीत. डुंबायच्या वाटीत मात्र क्षार असलेलं, क्लोरीन काढलेलं पाणीच हवं. वाटी रोज बदला, ते त्यातच घाण करतात.

नवखा_पाळीव
क्लोरीन काढायला विसरू नका. २४ तास ठेवा.

दुपारी_बारा
खाण्याचं कुणी लिहिलं नाही. शेतातले, दिव्यावर आलेले किडे नकोत, फवारणी असते. क्रिकेट (रातकिडे) किंवा डुबिया झुरळं डब्यात वाढवा, त्यांना गाजर-भाजी खाऊ घाला, देताना कॅल्शियमची पूड लावा. व्हाइट्स खादाड असतो, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रोज दिलंत तर डोळ्यांवर चरबीच्या घड्या पडतात. हात लावायचा तर आधी साबण पूर्ण धुऊन ओल्या हाताने, आणि नंतर साबणाने. साल्मोनेला असू शकतो, लेकाला ही सवय लावाच.

मानेवाडा_रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. माझा निर्णय तुम्हा बऱ्याच जणांना आवडणार नाही.

नवी पेटी घेत नाही. जुना टँकच उभा करणार, म्हणजे तळ सव्वा बाय दीड फुटाचा आणि उंची अडीच फूट मिळते. समोर खालच्या बाजूला सहा इंच काचेची पट्टी सिलिकॉनने लावून माती अडवायची, वर अॅक्रेलिक आणि जाळीचं दार. इतवारीतल्या काचवाल्याने बाराशे सांगितलेत. आणि बेडूक आत्ता आणणारच नाही. भावाचं विमान ऑगस्टमध्ये आहे. मी झाडं आत्ता लावते, मे-जूनमध्ये पेटी रिकामीच चालवून तापमान लिहून ठेवते, आणि वीज गेली की किती चढतं तेही बघते. सासूबाई तळमजल्यावर राहतात, त्यांची मागची खोली मागितली आहे. तिथेही बत्तीस अंशांच्या वर जात राहिलं तर भावाला सांगून ते पुण्यातच दुसऱ्या कुणाकडे देऊ.

काचमहाल_७
उभ्या केलेल्या टँकचं दार कधीच नीट बसत नाही. मी सांगून ठेवतो. बेडूक बोटभर फटीतून जातो.

झुडपी_जंगल
दार बसवता येतं, चुंबकी पट्टी लावा. ताई, जुन्या टँकमध्ये माशांना औषध कधी घातलं होतं का? मॅलॅकाइट ग्रीनसारखं रंगीत औषध सांध्यांतल्या सिलिकॉनमध्ये मुरतं. काचवाल्याला जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून नवं भरायला सांगा, बुरशीरोधक नसलेलं. आंबट वास पूर्ण गेल्याशिवाय आत झाडसुद्धा नको.

मानेवाडा_रानजाई
निळं औषध घातलं होतं खरं, बाटलीवर काय लिहिलंय ते काढून बघते. मग सांधे पूर्ण नवेच करायला सांगते. त्याने त्याचे वेगळे चारशे सांगितले तरी बजेटमध्ये बसतंय.