टी-वनला पाणी काळं, टी-टूला पांढरं. असं का?

खानापूर_इमेजिंग: कमरेच्या एमआरआयमध्ये मणक्यातलं पाणी (सीएसएफ) टी-वन प्रकारच्या चित्रात काळं आणि टी-टू प्रकारच्या चित्रात पांढरंशुभ्र दिसतं. चरबी मात्र दोन्हीकडे पांढरी. टीआर (एका पल्सपासून पुढच्या पल्सपर्यंतचा वेळ) आणि टीई (पल्सपासून सिग्नल मोजेपर्यंतचा वेळ) यांचे आकडे पाठ आहेत, पण त्यामागचं कारण काही उलगडत नाही. कुणी समजावून सांगाल का?

निपाणीकर: आकडे बाजूला ठेवून आधी प्रोटॉनकडे बघा. १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकात हायड्रोजनचे प्रोटॉन ६३.९ मेगाहर्ट्झने गिरक्या घेतात. त्याच वारंवारतेचा रेडिओ पल्स दिला की त्यांचं एकत्रित चुंबकत्व आडवं पडतं. सिग्नल मिळतो तो या आडव्या चुंबकत्वातूनच. पल्स थांबला की ते हळूहळू पुन्हा उभं राहतं, तो टी-वन. प्रोटॉनची एकमेकांशी जुळलेली लय मोडते, तो टी-टू.

चरबीचा टी-वन साधारण २५० मिलिसेकंद, सीएसएफचा ४००० च्या आसपास. टीआर ५०० ठेवला तर पुढच्या पल्सपर्यंत चरबी ८६ टक्के उभी राहिलेली असते, सीएसएफ जेमतेम १२ टक्के. जे उभंच राहिलं नाही ते पुन्हा आडवं काय पाडणार? म्हणून पाणी काळं.

आता टीआर ४०००, टीई १०० करा. स्नायूचा टी-टू सुमारे ४५, म्हणजे सिग्नल ११ टक्क्यांवर येतो. सीएसएफचा टी-टू २००० च्या घरात, त्याची लय जवळपास शाबूत. झिजलेल्या डिस्कमधलं (मणक्यांमधल्या गादीतलं) पाणी कमी झालेलं असतं, म्हणून ती टी-टूला काळी पडते.

चिकोडी_एमआर: दादांचं बरोबर आहे, पण चरबीचं राहिलं. टी-टूला चरबी इतकी पांढरी दिसते ती फास्ट स्पिन एको या वेगवान स्कॅन पद्धतीमुळे. त्यातल्या लागोपाठच्या १८० अंशांच्या पल्समुळे तिचा सिग्नल टिकून राहतो. मग हाडातली सूज त्या पांढऱ्यात लपते. अशा वेळी स्टर (चरबीच्या टी-वनवरून तिचा सिग्नल पुसणारी पद्धत) लावा, १.५ टेस्लाला टीआय (सुरुवातीच्या उलटवणाऱ्या पल्सनंतर थांबायचा वेळ) १६०-१७० मिलिसेकंद. गॅडोलिनियम (शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यानंतर मात्र स्टर नको: औषध शोषलेल्या भागाचा टी-वन चरबीइतका खाली आला तर तोही पुसला जातो.

खानापूर_इमेजिंग: आभारी आहे ताई. पाठीत स्क्रू असतील तर फॅट-सॅट (चरबी पुसण्याची दुसरी पद्धत) चालेल का?

चिकोडी_एमआर: नको, स्टरच घ्या. फॅट-सॅट चरबी आणि पाण्यातल्या २२० हर्ट्झच्या फरकावर चालतं. स्क्रूभोवती चुंबकीय क्षेत्रच वेडंवाकडं होतं, मग चरबी तशीच राहते आणि कधी पाणीच पुसलं जातं.

आणि पेशंट बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला, ग्राइंडरवर काम करणारा असेल तर ‘डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?’ हे विचाराच. हो म्हणाला तर आधी डोळ्यांचा एक्स-रे. स्कॅन सुरू नसला तरी चुंबक चालूच असतो, तो कण ओढू शकतो.